पश्चिमेच्या खिडकीतला चंद्र

बॉथेल, वॉशिंग्टन
३ नोव्हेंबर १९८५

उत्तरा,

तू पोचलीस, खोली मिळाली, थंडी फार आहे, हे गिरीशनं मला सांगितलं. तुझा बाप घरातला निरोपसुद्धा पेशंटच्या नातेवाइकांना सांगावा तसा सांगतो. दोन वाक्यं, आणि चालू लागतो. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर मला बोलता येत नाही. समोर माणूस नसताना ओरडत बसायचं हे वेड्याचं लक्षण वाटतं.

कांचन सांगत होती की ओहायोच्या त्या कॉलेजात तू शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची पत्रं वाचणार आणि त्याबद्दल तुला डॉक्टर म्हणणार. आमच्या खामगावात दुसऱ्याची पत्रं वाचणारीला वेगळं काही म्हणायचे. असो. तुझी आई म्हणून तिला काळजी की ह्यातून नोकरी कसली मिळणार. मला ती नाही. मला एवढंच कळव, हा ताऱ्यांचा माणूस रात्रभर आकाशाकडे बघत बसायचा, तर त्याच्या चुलीकडे कोण बघायचं? बायको होती का? दिवसा झोपायचा का? मोठ्या माणसांबद्दल लिहिणारे हे कधी लिहीत नाहीत. जणू ते सगळे वाऱ्यावर जगले.

आता कामाचं. गुरुवारी संकष्टी होती आणि नेमका त्याच दिवशी इथला भुतांचा सण. संध्याकाळभर दाराची घंटा वाजतेय. सांगाडे काय, चेटकिणी काय. मी उपाशी, आणि हातात गोळ्यांची परडी. शेवटी कांचन म्हणाली, आई, तुम्ही बसा, मी बघते. ह्या घरात हल्ली सगळे मला बसाच म्हणतात.

भाचीनं, नंदानं, खामगावहून पंचांग पाठवलंय, पण त्यात चंद्रोदय तिथला. इथला चंद्र मनाला येईल तेव्हा उगवतो आणि उगवला तरी ढगाआड. मागे एकदा बराच वेळ उपाशी बसले होते, तर गिरीश म्हणतो, चंद्र आहे असं समज आणि जेव. समज म्हणे. मग उपासही केला असं समजते, करायचा कशाला? चंद्र बघितल्याशिवाय मी आजवर संकष्टी सोडलेली नाही. तुझ्याकडे ताऱ्यांची पुस्तकं आहेत, तर आपल्या घरावर चंद्र कधी उगवेल ते दर महिन्याला कळवत जा. शिक्षणाचा काहीतरी उपयोग होऊ दे.

ब्रेडला जेवण म्हणत नाहीत, एवढं लक्षात ठेव.

आजी

*

ओहायो
११ नोव्हेंबर १९८५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी लायब्ररीतच उघडलं. त्या खोलीत सगळ्यांच्या हातात जुनी पत्रं होती, माझ्या एकटीच्या हातात ताजं.

माझ्या माणसाचं नाव जोसाया पेंबर. बायको नव्हती. कॉलेजनं त्याला टेकडीवर एक दुर्बीण दिली होती आणि तिला लागून दोन खोल्या. चुलीचं तोच बघायचा. बहीण लिडिया लांब व्हरमाँटमध्ये राहायची. दर रविवारी तो तिला पत्र लिहायचा. तिची उत्तरंही इथे जपून ठेवलीत, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येतात.

तू विचारलंस तसा त्याचा दिवस सांगते. सकाळी उशिरापर्यंत झोप. उठून लाकडं फोडायची, मुलांना गणित शिकवायचं, आणि बरोबर बाराला तारेनं रेल्वे स्टेशनला वेळ कळवायची. गावातली सगळी घड्याळं त्याच्या घड्याळावर चालायची. जेवण म्हणजे मक्याचा ब्रेड आणि शिजवलेले बीन्स, जवळजवळ रोज. दुर्बिणीच्या घुमटात शेगडी चालत नाही, कारण गरम हवेनं तारे थरथरतात. म्हणून हिवाळ्यात शाई गोठायची आणि तो पेन्सिलनं लिहायचा. एकदा त्याच्या पापण्या दुर्बिणीच्या पितळेला चिकटल्या आणि ओढून सोडवाव्या लागल्या. हे तो बहिणीला अगदी सहज लिहितो, आणि पुढच्याच ओळीत लोकरीचे मोजे मागतो. एवढ्या थंडीत तो शोधायचा धूमकेतू. नवे, कोणीच न पाहिलेले.

आता तुझा चंद्र. पुढची संकष्टी ३० तारखेला, शनिवारी. साडेसातच्या सुमारास उगवेल. पुढच्या दारात उभी राहा. समोरच्यांच्या झाडांवर यायला थोडा वेळ लागेल, म्हणून आठ धर.

एक विचारू? तुझं अक्षर एवढं मोठं का झालं? लहानपणी माझी ओळ रेघेच्या जरा खाली गेली तर तू पाटी पुसायला लावायचीस. आता तुझी एक ओळ दोन रेघा घेते, आणि शेवटी उतारावरून घसरते.

तुझी,
उत्तरा

*

बॉथेल
५ डिसेंबर १९८५

उत्तरा,

तुझा पेंबर मला पसंत पडला. उसळ-भाकरी खाणारा, आपली लाकडं आपण फोडणारा. पापण्या उपटल्या तरी रडगाणं नाही. तुझा बाप हृदयाचा डॉक्टर, पण दाढी करताना कापलं तर सगळ्या घराला दाखवत फिरतो. बहिणीनं त्याला मोजे पाठवले की नाही ते लिही. आणि लग्न का केलं नाही? कोणी मुलगी दिली नाही, की ह्यालाच नको होती?

अक्षर मोठं झालं कारण कांचननं जाड पेन आणलंय. जाड पेनानं बारीक लिहिता येत नाही. झालं समाधान?

तुझी चंद्राची वेळ साफ चुकली. शनिवारी सहालाच आला. मी ओट्याशी उभी होते आणि समोर खिडकीत दिसला. चांगला मोठा, पिवळा, भोवती खळं पडलेलं. मी तिथूनच अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि जेवले. गिरीश-कांचन कुठे पार्टीला गेले होते, त्यामुळे मध्ये बोलायला कोणी नव्हतं. तुझी पुस्तकं बदलून घे.

मोदकांचं सारण कांचननं आधीच करून ठेवलं होतं. हल्ली ती मला खोबरं खवू देत नाही, भाजी चिरू देत नाही. मागे एकदा बोट कापलं, तर विळीच नेऊन गराजमध्ये ठेवली. सून आपण होऊन काम मागतेय तर आपण कशाला अडवा.

ख्रिसमसला तू येत नाहीस असं कळलं. जानेवारीत ती वाचायची खोली दुरुस्तीला बंद होणार, त्याच्या आत तुला सगळं उरकायचंय म्हणे. पेंबर शंभर वर्षं थांबलाय, त्याला सवय आहे. माझ्यात तेवढा दम नाही.

आजी

*

ओहायो
१४ डिसेंबर १९८५

प्रिय आजी,

मोजे पाठवले. दर हिवाळ्यात, राखाडी लोकरीचे. लग्नाचं लिडियानं एकदाच विचारलं होतं. उत्तरात त्यानं दोन पानं नुसतं हवामान लिहिलंय.

पण आज मला त्याचं पुढचं सांगायचंय. १८७१च्या शरदात पेंबरनं सगळ्या मोठ्या वेधशाळांना तारा केल्या, की नवा धूमकेतू सापडलाय. अगदी फिकट, धुरकट. लोक शोधायला लागले. कोणालाच दिसेना. पेंबर रोज नवी जागा कळवायचा, इतका त्याला तो स्पष्ट दिसत होता. एका मित्रानं फार अदबीनं लिहिलं, आमच्याकडचं आकाशच खराब असावं. पेंबरनं त्याच्याशी पत्रव्यवहार तोडला. शेवटी कोणीतरी त्या सगळ्या जागा एका नकाशावर मांडल्या. प्रत्येक वेळी धूमकेतू एखाद्या झगझगीत ताऱ्याच्या शेजारी होता. आकाशात काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि ताऱ्याचा उजेड त्यात फुटून पसरत होता.

आजी, स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. शाळेतून आल्यावर मी त्याच टेबलाशी होमवर्क करायचे आणि सूर्य माझ्या तोंडावर मावळायचा. तिथे चंद्र उगवत नाही. आणि शनिवारी सहाला चंद्र कुठल्याच खिडकीत नव्हता, उगवायचाच होता. मी आईला फोन करून सहज विचारलं, मागच्या बाजूला काही नवीन बांधलंय का? ती म्हणाली, शाळेनं पार्किंगमध्ये उंच दिवे लावलेत, पिवळे.

मी हसत नाहीये. आईला ह्यातलं काही बोलले नाही. मला फक्त सांग, केव्हापासून? एक डोळा, की दोन्ही?

उत्तरा

*

बॉथेल
२२ डिसेंबर १९८५

उत्तरा,

तुझं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. दुपारी पुढच्या खोलीत ऊन येतं, आलं तर, तेव्हा कागद काचेला लावून एकेक शब्द उचलायचा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आलं. दोन्ही. उजवा जास्त. केव्हापासून ते मी लिहून ठेवलेलं नाही, पण तीन-एक वर्षं झाली असतील. आधी वाटलं ह्या गावाचं धुकं. मग उन्हाळा आला तरी धुकं हटेना.

पार्किंगच्या दिव्याला नैवेद्य दाखवला ह्याची मला लाज वाटते. देवाचं आणि माझं मी बघून घेईन. तुझ्या पेंबरची गोष्ट कशासाठी सांगितलीस तेही कळलं. मी दुसरी पास आहे, बावळट नाही.

आता नीट वाच. हे तुला घरात कोणी सांगितलं नसेल. सत्तावन साली खामगावात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. सरकीच्या गोदामात सतरंज्या घालून. तुझ्या आजोबांना मोतीबिंदू होता आणि त्यांना जायचं नव्हतं. गिरीश नागपूरला डॉक्टरी शिकत होता, सुटीत आला होता. त्यानंच हट्ट धरला, त्यानंच टांग्यात घालून नेलं. पट्टी सोडली तेव्हा डोळ्यात पू होता. महिन्याभरात दुसराही गेला. पुढे आठ वर्षं ते ओसरीवर बसून आवाजावरून माणसं ओळखायचे. जेवण मात्र आपल्या हातानं जेवले. आपल्याकडे ताट वाढायचा नेम असतो, मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुठे, म्हणून त्यांचं निभावलं. हात बरोबर जायचा. नेम चुकला तर मात्र ताट सरकवायचे.

त्यांनी गिरीशला कधी एक शब्द विचारला नाही. मी नाही. गावातल्या कोणी नाही. गिरीशनंच तो दोष अंगावर घेऊन ठेवला. त्यानंतर त्यानं बापाच्या डोळ्यांचं नाव काढलं नाही. हृदय शिकायला गेला, आणि तेही सातासमुद्रापार.

म्हणून त्याला हे कळता कामा नये. मला सुरीची भीती वाटते, ती आहेच. पण ते पोर पुन्हा त्या गोदामाच्या दारात उभं राहिलेलं मला चालणार नाही. मला बहात्तरावं लागलंय. ह्या घराच्या भिंती माझ्या हाताला पाठ आहेत. आहेत तेवढे डोळे पुरतील. गिरीशला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ आहे.

आणि त्या बहिणीचं पुढे काय झालं? तिला ठाऊक होतं का?

आजी

*

ओहायो
३ जानेवारी १९८६

प्रिय आजी,

तुझं पत्र मी कोटाच्या खिशात घालून फिरले. रोज वाटायचं की उद्या उत्तर लिहू.

लिडियाला ठाऊक होतं. धूमकेतूच्या आधीच्या वर्षी ती दोन-तीनदा लिहिते, दिवा जवळ घेत जा, तुझ्या ओळी उतारावर चालल्यात. मग ती ते लिहायचं सोडून देते. तशाच उतरत्या ओळींना ती मोजे आणि सफरचंदांबद्दल उत्तरं देत राहते. कॉलेजनं पेंबरकडून घुमटाची किल्ली काढून घेतली. तो तिच्याकडे राहायला गेला, आणि तिथे पत्रं संपतात, कारण एका घरातल्या माणसांना एकमेकांना लिहावं लागत नाही. त्या जुन्या मित्राशी मात्र त्यानं समेट केला. त्याला गेलेली पत्रं आहेत. पेंबर सांगतो आणि अक्षर लिडियाचं. एकाच्या तळाशी तिनं आपल्या मनाचं घातलंय. "मला आधी कळलं होतं, त्याचा मान राहावा म्हणून मी बोलले नाही."

ती मला वाईट वाटली नाही. तिनं सांगितलं असतं तरी त्या काळात काय झालं असतं, कोणास ठाऊक. पण आजी, आता १९८६ आहे. मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरला जाऊन भेटले. तुझं वय, तुझी लक्षणं सांगितली. तो म्हणाला, आणायला उशीर का केला?

काल मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. दिव्याचं, पत्र काचेला लावून वाचण्याचं. शिबिराचंही, म्हणजे मला ते माहीत आहे एवढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रोज तिच्यासमोर बसतो, उत्तरा." आणि फोन ठेवला.

शपथ मी मोडली. तू रागाव. पण मला पत्र लिहायचं मात्र थांबवू नकोस.

उत्तरा

*

ओहायो
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय आजी,

हे तिसरं पत्र. तुझ्याकडून काही नाही. आईला विचारते तर ती म्हणते, आई बऱ्या आहेत, आणि मग हवामान सांगते.

खोदून विचारल्यावर एवढं कळलं. त्या दिवशी बाबा क्लिनिकमधून लवकर आले आणि त्यांनी टॉर्च लावून तुझे डोळे बघितले. तू टॉर्चवर हात मारलास. ते तसेच बाहेर गेले आणि कार चालू न करताच आत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं स्वयंपाकघराचं दार लावून बसलात. आई पायरीवर होती, पण तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. नेहमी तुमचं बोलणं गल्लीत ऐकू जातं.

ऑपरेशन वीस तारखेला ठरलं म्हणे. तू हो म्हणालीस, की तुला घेऊन जायचं असं ठरलं, ते आई सांगेना.

ह्यावेळी ही पानं मी मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. चिडू नकोस.

उत्तरा

*

बॉथेल
२ मार्च १९८६

उत्तरा,

लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. पण तुझी तिन्ही पत्रं काल सलग वाचली, खुर्चीत बसून, काचेशी न जाता. एवढं मोठं अक्षर काढायची गरज नव्हती. आंधळी होते, बालवाडीत नव्हते.

शपथ मोडलीस. माझा गळा शाबूत आहे. म्हणजे आजवर जेवढ्या शपथा पाळल्या त्या फुकट पाळल्या, हा हिशेब तुझ्या नावावर. त्या लिडियाला मी नावं ठेवणार नाही. जीव असला की तोंड बंद होतं. तुझं होत नाही, बापावर गेलीस म्हणावं तर त्याचंही होतं.

स्वयंपाकघरात काय झालं ते तुझ्या आईला ठाऊक नाही, तुला सांगते, तिथेच ठेव. मी त्याला म्हटलं, मला करायचं नाही, विषय संपला. तो टेबलाशी बसला होता. मग म्हणाला, "बाबांना मी नेलं म्हणून ते आंधळे झाले. तुला मी नेलं नाही म्हणून तू होणार. मी कुठे जाऊ, आई?" पन्नास वर्षांचा माणूस. मी विचारलं, कधी जायचं.

मला कोणी घेऊन गेलं नाही. मी गेले. हे तुझ्या आईलाही सांग.

शस्त्र धरणारी बाई होती, तुझ्याहून जरा मोठी असेल. गिरीशला आत येऊ देत नव्हते, तो डॉक्टरांसारखं इंग्रजी बोलून आत आला आणि माझ्या पायापाशी उभा राहिला. दिसत नव्हतं, पण पायाला त्याचा हात लागत होता आणि तो गार होता. खामगावात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर उताणं निजवायचे. इथे दुपारी घरी येऊन कढी-भात जेवले.

दुसऱ्या दिवशी त्याच बाईनं पट्टी काढली. आधी नुसतं पांढरं. मग भिंत निळी झाली. मला वाटायचं ती राखाडी असेल, इथलं सगळं मला राखाडीच होतं. मग समोर एक म्हातारा दिसला. केस पांढरे, डोळ्यांखाली पिशव्या, गालाची हाडं वर आलेली, आणि माझ्याकडे टक लावून बघतोय. मला वाटलं, दुसरा कोणी पेशंट आपला नंबर लागतोय का बघायला आत शिरला. कांचनला म्हटलं, ह्या गृहस्थांना जरा बाजूला कर, गिरीश कुठे गेला?

तो म्हातारा म्हणाला, "आई, मीच."

आवाज त्याचा होता. आवाज मला पाठ आहे, तो चाळिशीतच राहिलाय. मी त्याला उशिरा आला म्हणून बोलायची, ताटात टाकलं म्हणून बोलायची, आणि ते सगळं मी एका दुसऱ्याच माणसाला बोलत होते. हा इतका थकलेला आहे हे मला कोणी सांगितलं नाही. घरी आल्यावर म्हटलं, माझ्यासमोर बसून जेव. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, जेव.

दुसरा डोळा मे महिन्यात करायचाय. तारीख मीच घेतली. त्या बाईनं विचारलं, भीती वाटते का? मी कांचनला म्हटलं, तिला सांग, तुझ्या कामाची नाही वाटत.

आता तुझं. तू इथून गेलीस तेव्हा दारात उभी राहून मला मिठी मारलीस, ते आठवतं. चेहरा आठवत नाही. दहावीच्या फोटोतली दोन वेण्यांची पोरगी डोळ्यांपुढे धरून मी तुला इतके दिवस पत्रं लिहीत होते. त्या पोरीवर मी रागावले आहे, आणि ती पोरगी आता नाही, हे मला गिरीशकडे बघून कळलं.

सुट्टी लागली की ये. आल्या आल्या बोलायला लागू नकोस, बॅग खाली ठेव आणि उजेडात उभी राहा. शपथेचं भांडण बाकी आहे, ते मी सोडणार नाही. पण आधी बघीन, मग बोलेन.

आजी